उपकेंद्रातल्या सीएचओ आणि सिस्टरना कॅन्सर तपासणी शिकवायची आहे: साहित्य कोणतं, आणि दोन दिवसांत काय बसवायचं?

पीएचसी_मराठवाडा (प्रश्न)

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली सहा उपकेंद्रं आहेत. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), एएनएम (उपकेंद्राच्या नर्स) आणि दोन स्टाफ नर्स धरून पंधरा जणांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण पुढच्या महिन्यात घ्यायचं आहे. विषय तिन्ही: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. वय ३० ते ६५, दर पाच वर्षांनी एकदा तपासणी, हे सगळ्यांना पाठ आहे. आशा ताईंचे सीबॅक फॉर्मही (सवयी आणि लक्षणं विचारणारे) भरून येतात. गाडी अडते ती प्रत्यक्ष तपासणीत.

रजिस्टर चाळलं तर एका उपकेंद्रात तीन महिन्यांत एकही व्हीआयए (गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची तपासणी) पॉझिटिव्ह नाही, आणि शेजारच्या उपकेंद्रात जवळजवळ दर दुसरी बाई पॉझिटिव्ह. तोंडाच्या रकान्यात तर सगळीकडे ‘नॉर्मल’. गावात गुटखा आणि मशेरी किती चालते ते आपण सगळेच जाणतो, त्यामुळे त्या नॉर्मलवर विश्वास बसत नाही.

विचारायचं आहे ते असं: खात्रीचं आणि फुकट मिळणारं शिकवण्याचं साहित्य कुठलं? ॲसिटिक ॲसिडचं द्रावण नेमकं कसं करायचं (एका ठिकाणी किराणा दुकानातलं व्हिनेगर वापरतात, ते चालतं का)? आणि शिकलेला माणूस तयार झाला, हे ठरवायचं कशावरून?

---

कोल्पो_मॅडम

डॉक्टर, तुमच्या दोन्ही उपकेंद्रांचं दुखणं एकच आहे: नजर तयार झालेली नाही. तयार नजरेच्या तपासनीसाला शंभर बायकांत साधारण ८ ते १५ पॉझिटिव्ह सापडतात, आणि त्या पॉझिटिव्हपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांमध्ये पुढे पूर्वकर्करोगाचे बदल निघतात. हे दोन आकडे भिंतीवर लावा. आकडा फार खाली गेला किंवा फार वर गेला, तर त्या उपकेंद्रात जाऊन शेजारी उभं राहून तपासणी बघायची.

शून्य येतं तेव्हा मी आधी उजेड बघते. मोबाईलच्या टॉर्चवर व्हीआयए होत नाही. त्याचा निळसर प्रकाश सगळंच पांढरट दाखवतो नाहीतर काहीच दाखवत नाही. १०० वॉटचा हॅलोजन फोकस लॅम्प घ्या. दुसरं घड्याळ. ॲसिड लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं, आणि अंदाजाचं मिनिट वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. समोर सेकंदकाट्याचं घड्याळ हवं. तिसरं म्हणजे द्रावण. चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्क्वॅमोकॉलम्नार जंक्शन पूर्ण दिसलं का? बाहेरची गुळगुळीत गुलाबी त्वचा आणि आतली लालसर दाणेदार त्वचा जिथे मिळतात ती रेषा. पाळी गेलेल्या बायकांत ती बहुतेक वेळा गर्भाशयमुखाच्या नळीच्या आत सरकलेली असते. रेषा दिसली नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. ‘जंक्शन दिसले नाही’ असं लिहून पुढे पाठवायचं. शून्यवाल्या उपकेंद्रात तपासलेल्या बायकांची वयं बघा. पन्नाशीपुढच्या जास्त असतील तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

उलट दर दुसरी पॉझिटिव्ह येते, तेव्हा दिसेल तो पांढरेपणा मोजला जात असतो. पॉझिटिव्ह म्हणजे दाट, अपारदर्शक, कडा स्पष्ट असलेला आणि जंक्शनला चिकटलेला पांढरा डाग. जंक्शनवरची बारीक पांढरी रेघ, विखुरलेले ठिपके, फिकट धुरकट छटा, नाबोथियन सिस्टचे (गर्भाशयमुखावरच्या निरुपद्रवी गाठींचे) पिवळसर-पांढरे मणी, पॉलिपवरची सफेदी, जंक्शनपासून लांब सुटा पडलेला ठिगळासारखा डाग, हे सगळं निगेटिव्ह. वेळही बघायची: कच्च्या मेटाप्लाझियाची (त्वचेच्या नैसर्गिक बदलाची) सफेदी उशिरा येते आणि पटकन विरते, खरा डाग लवकर उठतो आणि मिनिटानंतरही टिकतो.

गाठ, व्रण, हात लावताच रक्त, असं दिसलं तर त्याला ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ म्हणू नका. ती कॅन्सरची शंका आहे. ॲसिड न लावता त्याच दिवशी चिठ्ठी द्या आणि वेगळ्या रकान्यात नोंद करा.

द्रावण: ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर आधी मापायचं, मग त्यात ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड हळूहळू सोडायचं. १०० मिली, ५ टक्के झालं. पाण्यात ॲसिड, उलट नाही. हातमोजे आणि चष्मा घालून. रोज ताजं करा, उरलेलं संध्याकाळी ओतून द्या. ग्लेशियल ॲसिड साधारण १६ अंशांखाली गोठतं. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीच्या तळाशी बर्फासारखा थर दिसेल. तसंच मापून घेऊ नका. झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, सगळं वितळलं की मग मापा.

सगळ्यात मोठा धोका आता सांगते. मूळ बाटली आणि पातळ केलेली बाटली दिसायला सारखीच, दोन्ही पाण्यासारख्या. न पातळ केलेलं ॲसिड लागलं तर आतून भाजतं. म्हणून मूळ बाटली तपासणीच्या ट्रॉलीवर कधीच यायची नाही, ती कुलपात. ट्रॉलीवरच्या बाटलीवर ‘५ टक्के’, तारीख आणि करणाऱ्याची सही. चूक झालीच तर भरपूर सलाईनने धुवत राहायचं आणि लगेच वर पाठवायचं.

व्हिनेगर चालतं, लेबलवर आम्लता ४ ते ५ टक्के छापलेली असेल, रंगहीन असेल आणि बाटली नुकती फोडलेली असेल तर. त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. शून्यवाल्या उपकेंद्रात हे विचारून बघा. व्हिनेगर ‘कडक’ वाटतं म्हणून निम्मं पाणी घालणारे निघतात.

साहित्यात पहिली पसंती आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या लियॉन इथली कर्करोग संशोधन संस्था. तिच्या स्क्रीनिंग विभागाच्या संकेतस्थळावर व्हीआयएची २००३ची पुस्तिका आणि २०२०चा चित्रसंग्रह, दोन्ही फुकट आहेत. चित्रसंग्रहात ॲसिडच्या आधीचं आणि नंतरचं चित्र जोडीने आहे, आणि शिकवायला जोडीच लागते. भाषा इंग्रजी, पण चित्रं दाखवत मराठीत बोललात की झालं.

शिकवताना एक पथ्य पाळा. चित्र लावून ‘सांगा बरं, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?’ असं वर्गाला मोठ्याने विचारू नका. धीट दोघी उत्तर देतात, बाकीच्या मान डोलावतात. प्रत्येकीच्या हातात कागद द्या. एक वर्तुळ, मधे नळीचं तोंड, कडेला घड्याळाचे आकडे. डाग कुठून कुठपर्यंत, ते काढायचं आणि खाली निकाल लिहायचा. तीस चित्रं पहिल्या सकाळी, तीच तीस चित्रं क्रम बदलून दुसऱ्या संध्याकाळी. कोण कुठे चुकतं ते कागदच सांगतो.

आणि दोन दिवसांत व्हीआयएचा हात बसत नाही, हे आधीच मान्य करा. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत मोठा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या बायका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या, आणि त्यांचं प्रशिक्षण चार आठवडे चाललं होतं. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. शिक्षण कमी असलं तरी चालतं, सराव कमी असून चालत नाही. दोन दिवसांनंतर प्रत्येकीला उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या शेजारी बसवायची सोय लावा.

---

दात_आणि_तोंड

तोंडाबद्दल लिहितो. तुमच्या रजिस्टरमधल्या ‘नॉर्मल’चं पहिलं कारण प्रश्नात आहे. ‘तंबाखू खाता का?’ असं बाईला विचारलं की ती ‘नाही’ म्हणते, आणि खरंच बोलते, कारण मशेरी तिच्या लेखी तंबाखू नाही. ती दात घासायची वस्तू आहे. वेगवेगळं विचारायला शिकवा: मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, लावल्यावर किती वेळ तोंडात ठेवता? सुपारी? खर्रा, मावा? गुटखा कोणत्या बाजूला धरता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की आधी त्याच बाजूला बघायचं. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, त्यामुळे सरकारी माणसासमोर लोक नाव घेत नाहीत. सुरुवातीलाच सांगावं लागतं की ही चौकशी पकडायला नाही.

दुसरं कारण: ‘आ करा’ म्हणून टॉर्च मारली की तपासणी झाली, असं होतं. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा खालच्या हिरडी आणि गालाच्या मधल्या खाचेत असतो, म्हणजे पुडी धरायच्या जागेत. नुसतं आ केलं तर ती खाच मिटलेलीच राहते. दोन आरसे नाहीतर दोन लाकडी पट्ट्या घेऊन गाल बाहेर ओढल्याशिवाय ती दिसत नाही.

कवळी असेल तर काढायला लावा. ओठ बाहेरून, मग उलटवून आतून. उजवा गाल ओठाच्या कोपऱ्यापासून पार शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत, मग डावा. दोन्ही हिरड्या आतून-बाहेरून. जीभ वरून, मग टोक गॉजमध्ये धरून एकेका बाजूला ओढून कडा, अगदी मागपर्यंत. जीभ टाळूला लावायला सांगून खालची बाजू आणि तोंडाचा तळ. टाळू पुढचा आणि मागचा. शेवटी हातमोज्याच्या बोटाने गाल आणि जिभेची कड चाचपायची, कारण कडकपणा डोळ्यांना दिसत नाही. मग मानेतल्या गाठी. तीन-चार मिनिटं लागतात. क्रम रोज तोच ठेवायचा. क्रम मोडला की एखादी जागा हमखास सुटते.

पांढरा चट्टा दिसला तर गॉजने पुसून बघा. पुसला गेला तर बुरशी असू शकते. न पुसला जाणारा चट्टा पुढे पाठवायचा. लाल मखमली चट्टा लहान असला तरी जास्त धोक्याचा. तोंड किती उघडतं ते त्याच माणसाची तीन बोटं उभी दातांत धरून बघायचं. तीन जात नसतील, गाल आतून पांढुरका आणि दोरीसारखा ताठ लागत असेल, तिखट झोंबत असेल, तर सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाण्याचा आजार) धरून रेफर.

आता महिने कुठे वाया जातात ते. तोंडात व्रण आहे, म्हणून बी कॉम्प्लेक्स. बरा नाही, म्हणून अँटिबायोटिक. मग जेल. मग दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा बी कॉम्प्लेक्स. प्रशिक्षणात एकच नियम ठसवा: धारदार दात किंवा कवळी टोचत असेल तर ते कारण काढा आणि दोन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा बघा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण बायोप्सीसाठी जातो, त्याला तिसरं औषध मिळत नाही. सीबॅक फॉर्ममध्येही हाच दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. आशा ताईंनी ‘हो’ लिहिलेला माणूस खरंच तपासला गेला का, हे जुळवून बघायला हवं.

तोंड नुसतं डोळ्यांनी तपासून काय होणार, असं कुणी विचारलं तर तिरुवनंतपुरमचा अभ्यास सांगा. १९९६ला सुरू झाला, तपासणी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनीच केली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून हात कमी असतील तर आधी व्यसन असलेल्यांना बोलवा. बारीक चित्रांसाठी आयएआरसीचाच तोंडाचा डिजिटल चित्रसंग्रह आहे, तोही फुकट.

---

ट्यूटर_सिस्टर

स्तनाच्या तपासणीसाठी सिलिकॉनचं मॉडेल जिल्हा प्रशिक्षण केंद्रातून मागून आणा. नाहीच मिळालं तर मळलेल्या कणकेचा दोन बोटं जाड थर घ्या, त्यात वेगवेगळ्या खोलीवर हरभरा, वाटाणा, ज्वारीचा दाणा पुरा, वर सुती कापड पसरा. शोधायला लावलं की लगेच कळतं: हरभरा सगळ्यांना सापडतो, तळातला ज्वारीचा दाणा दाब न बदलणाऱ्यांना सापडत नाही. मधल्या तीन बोटांच्या पेरांचा मऊ भाग वापरायचा, टोकं नाही. एकाच जागी तीन दाब: हलका, मध्यम, आणि बरगडी जाणवेपर्यंत खोल. छोटी वर्तुळं करत उभ्या पट्ट्यांत वर-खाली. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत. एका बाजूला निदान तीन मिनिटं.

आधी बसवून बघायचं: हात खाली, हात वर, हात कमरेवर दाबून. त्वचा आत ओढली जाते का, संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड नव्याने आत गेलंय का. आडवं झोपवताना त्या बाजूच्या खांद्याखाली घडी घातलेली चादर द्या, म्हणजे स्तन पसरतो. काख आणि गळ्याच्या हाडावरचा खड्डा विसरला जातो. बोंड मुद्दाम पिळायचं नाही. आपोआप येणारा, विशेषतः रक्ताळ स्राव महत्त्वाचा. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बोलावलं तर सूज कमी असते.

मुंबईच्या वीस वर्षांच्या अभ्यासाचा निकाल २०२१मध्ये आला. दीड लाखाहून जास्त बायका होत्या. दर दोन वर्षांच्या हातांनी केलेल्या तपासणीने सगळ्या वयांत मिळून स्तनाच्या कॅन्सरच्या मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नास आणि त्यापुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्के घट झाली. वर्गात हे जसंच्या तसं सांगा. पन्नाशीपुढची बाई ‘आता माझं काय तपासायचं’ म्हणून घरी राहते, तिला आणायला हा आकडा कामाचा आहे.

---

पीएचसी_मराठवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिनेगरच्या उपकेंद्रात आज फोन केला: पाणी घालत होते. आणखी एक शंका. आता एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू) शोधायची तपासणी येणार, मग व्हीआयए शिकवून काय उपयोग, असं दोन सीएचओ म्हणतात. त्यांना काय सांगू? आणि रेफर केलेल्या बायका पोहोचतच नाहीत, त्याचं काय?

---

एनसीडी_समन्वय

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये एचपीव्ही डीएनए तपासणीलाच पहिली पसंती दिली: तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. या पसंतीमागच्या पुराव्यातला एक मोठा भाग धाराशिव जिल्ह्यातला आहे, हे तुमच्या सीएचओंना जरूर सांगा. तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने. २००९मध्ये निकाल आला: एकाच एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने तशी ठळक घट दिसली नाही. म्हणून पाच वर्षांतून एकदा मिळणारी व्हीआयए नीटच झाली पाहिजे.

पण किट आलं तरी डोळे लागणारच. एचपीव्ही पॉझिटिव्ह बाईचं गर्भाशयमुख कुणीतरी बघावंच लागतं. थर्मल ॲब्लेशन (उष्णतेने डाग नष्ट करायचा उपचार) करता येईल का हे तिथेच ठरतं: जंक्शन पूर्ण दिसतंय, डाग नळीत शिरलेला नाही, बाहेरच्या भागाच्या तीन चतुर्थांशाहून मोठा नाही, कॅन्सरची शंका नाही. एवढं जमलं तर १०० अंशांवर २० ते ३० सेकंदांत उपचार होतो. आज शिकलेली नजर तिथे वापरायची आहे.

बायका पोहोचत नाहीत, कारण चिठ्ठीवर नुसतं ‘उपजिल्हा रुग्णालय’ लिहिलेलं असतं. कोणता वार, किती वाजता, कोणती खोली, कुणाला भेटायचं? कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघायची तपासणी) ठरावीक वारीच होते. चुकीच्या दिवशी गेलेली बाई दिवसाची मजुरी बुडवून परत येते, ती पुन्हा जात नाही. प्रशिक्षणाच्या आधी तिथे जाऊन वार आणि सिस्टरचं नाव पक्कं करा. रजिस्टरला तीन रकाने वाढवा: पोहोचल्याची तारीख, तिथला निष्कर्ष, उपचाराची तारीख. चौदा दिवसांत पहिला रकाना भरला नाही तर आशा ताई घरी जाणार. आणि ‘पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आत्ता उपचार केला तर कॅन्सर टळतो’ हे वाक्य प्रत्येक सीएचओच्या तोंडी बसवा. नवरा-सासूसमोर नाही, बाईला एकटीला सांगायचं.

शिबिरात किती बायका बोलवायच्या, ते स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरायचं उपकरण) मोजून ठरवा. एका लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, त्यात वापरलेले स्पेक्युलम १० मिनिटं. मग साबणाने घासून धुणे, मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणे). क्लोरीनच्या पाण्यात तासभर ठेवले तर गंजतात, स्क्रू अडकतात. दहा स्पेक्युलम असतील तर ऑटोक्लेव्हची पुढची फेरी निघेपर्यंत दहाच बायका. चाळीस बोलावल्या की उकळून-पुसून वापरायचा मोह होतो, तो टाळायचा.

पुढच्या शिक्षणासाठी नोएडाच्या आयसीएमआर-एनआयसीपीआर या कर्करोग प्रतिबंध आणि संशोधन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. ते डॉक्टर, दंतवैद्य आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहेत, आणि आपल्याकडच्या केसेस मांडून विचारता येतात. एनएचएसआरसीच्या (राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्राच्या) संकेतस्थळावर आशा, एएनएम आणि सीएचओंसाठी असंसर्गजन्य आजारांची वेगवेगळी मॉड्यूल्स आहेत. पहिल्या तासाला तीच वापरा.

---

कोल्पो_मॅडम

एक राहिलं. पाळी चालू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळंतपणाला १२ आठवडे झाले नसतील, तर त्या दिवशी व्हीआयए नको. पण नुसतं ‘नंतर या’ म्हणू नका, तारीख लिहून द्या.

तुमच्या पंधरा जणींना शंकेचे फोटो मला किंवा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पाठवायचे असतील तर बाईची लेखी परवानगी आधी. फोटोत फक्त गर्भाशयमुख. नावाऐवजी रजिस्टरचा क्रमांक, आणि ॲसिडच्या आधीचा एक, मिनिटानंतरचा एक असे दोन फोटो. नुसता नंतरचा आला तर मला काही सांगता येणार नाही. उत्तर मिळालं की फोनमधून दोन्ही पुसून टाकायचे, गॅलरीतून आणि चॅटमधूनही.